कालप्रवासाच्या नियमांवर वाद घालायचाय? आधी वही उघडा

भाग संपतो, पडद्यावर नावं सरकायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, "पण मग तो आणखी एक दिवस मागे का नाही गेला?" एवढं पुरतं. पुढचा तासभर दुसरा विषय निघत नाही. कालप्रवासाच्या मालिका बघणाऱ्यांना या वादाची ओढ मालिकेइतकीच असते आणि मला ते अगदी रास्त वाटतं. पडदा बंद झाल्यावरही कथा डोक्यात चालू राहते ती या वादामुळेच.

नव्याने आलेल्याची मात्र इथे लवकर दमछाक होते. जुने चाहते लूप, फिक्स्ड पॉइंट, ब्रँच, कॅनन हे शब्द इतक्या सहज वापरतात की मध्ये बोलायची हिंमत होत नाही. पण जुन्यांचंही सगळं सुरळीत असतं असं नाही. मी आणि माझा एक मित्र 'लॉस्ट' या मालिकेच्या पाचव्या सीझनवरून एकदा रात्री उशिरापर्यंत भांडलो. तो म्हणत होता, भूतकाळ बदलला. मी म्हणत होतो, मुळीच नाही. खूप वेळाने लक्षात आलं की 'बदलला' म्हणजे त्याच्या लेखी 'आपण समजत होतो तसा तो नव्हता' एवढंच होतं. दोघांचं मत एकच होतं, शब्द वेगळा होता. त्या रात्रीनंतर मी वाद घालायची एक पद्धत ठरवून घेतली. तीच इथे पायरीपायरीने सांगतो.

त्याआधी एक सूचना. या लेखात 'डॉक्टर हू'चे 'ब्लिंक', 'फादर्स डे' आणि 'द वॉटर्स ऑफ मार्स' हे भाग, 'लॉस्ट'चा पाचवा सीझन आणि 'स्टार ट्रेक'चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग यांतली रहस्यं उघड केली आहेत. यांतलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या. 'डार्क'बद्दल मी मोघमच बोलणार आहे, कारण ती मालिका काहीही माहीत नसताना बघण्यात जी मजा आहे ती कुणाची हिरावून घ्यायची माझी इच्छा नाही.

पहिली पायरी: दोन घड्याळं लावा

कालप्रवासाच्या कथेत दोन क्रम एकाच वेळी चालू असतात. एक जगाचा: १९२० आधी, १९६९ नंतर, २००७ त्याच्याही नंतर. दुसरा त्या त्या माणसाचा: आज सकाळी त्याने काय केलं, दुपारी काय, रात्री काय. तुमचा-माझा हा क्रम एकच असतो, म्हणून आपण तो कधी वेगळा मोजत नाही. कालप्रवाशाच्या बाबतीत दोन्ही फाटतात. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणून वहीचं पान घ्या आणि मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे जगाचा काळ, उजवीकडे पात्राचा स्वतःचा काळ. दोन पात्रं वेगवेगळी फिरत असतील तर उजवीकडे आणखी रकाने पाडा.

'ब्लिंक'वर हे करून बघू. जून २००७ मध्ये दाखवला गेलेला हा भाग सरावासाठी उत्तम, कारण पाऊण तासात सगळं उघडतं आणि सगळं मिटतं. सॅली स्पॅरो नावाची तरुणी एका पडक्या घरात जाते. भिंतीवरचा कागद सोलते, तर खाली तिच्याच नावाने लिहिलेला मजकूर निघतो आणि लिहिणाऱ्याने खाली १९६९ साल टाकलेलं असतं. पुढे तिच्याकडच्या १७ डीव्हीडींमध्ये एक माणूस लपवलेल्या चित्रफितीत तुटक तुटक बोलताना सापडतो. तो डॉक्टर, म्हणजे 'डॉक्टर हू'चा कालप्रवासी नायक. तो १९६९ मध्ये अडकलाय आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय. सॅली २००७ मध्ये पडद्यासमोर बसून त्याच्याशी बोलते, आणि तो तिच्या प्रश्नांना बरोब्बर उत्तरं देतो. कसं काय? तर त्याच्याकडे या संभाषणाची आख्खी संहिता आहे, तो ती समोरच्या पाटीवरून वाचतोय. ती त्याला भविष्यात मिळाली. आणि ती लिहिली जातेय नेमकी त्याच क्षणी, सॅलीच्या शेजारी बसलेल्या लॅरीच्या हातून. वर्षभराने सॅलीला रस्त्यात डॉक्टर भेटतो. तो अजून १९६९ मध्ये गेलेला नाही, तिला ओळखतही नाही. ती कागदांची फाइल त्याच्या हातात देते.

आता वहीत बघा. डाव्या रकान्यात: १९६९ ला चित्रण, २००७ ला संभाषण, २००८ ला फाइल. डॉक्टरच्या रकान्यात: आधी फाइल, मग १९६९, मग चित्रण. दोन्ही रकाने भरले की "त्याला आधीच कसं माहीत होतं?" हा प्रश्न उरत नाही. त्याच्या आयुष्यात फाइल खरोखरच आधी आलीय.

आणि मग खरा प्रश्न वर येतो, जो नुसतं बघताना निसटतो. त्या संभाषणातली सॅलीची वाक्यं तिला त्या क्षणी सुचली आहेत. त्यांचा उगम आहे. पण डॉक्टरची वाक्यं? ती त्याने फाइलमधून वाचली, आणि फाइलमध्ये ती आली त्याच्याच तोंडून. ती पहिल्यांदा सुचली कुणाला? कुणालाच नाही. चाहते याला बूटस्ट्रॅप पॅरॅडॉक्स म्हणतात: सुरुवात नसलेली माहिती. बहुतेक लोक 'ब्लिंक'चं संपूर्ण संभाषणच बिनउगमाचं आहे असं म्हणून मोकळे होतात. रकाने पाडलेत तर दिसेल की अर्धंच तसं आहे. वादात असा बारकावा हाताशी असणं म्हणजे काय, ते एकदा अनुभवून बघा.

दुसरी पायरी: काळ कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली अढळ काळाची. जे घडलं ते घडलंच, आणि तुम्ही मागे जाऊन जे कराल तेही त्यातच आधीपासून धरलेलं आहे. टाळायला जाल तर तुमच्याच हातून घडेल. 'ब्लिंक' या जातीचा, आणि 'लॉस्ट'चा पाचवा सीझनही बऱ्याच अंशी याच जातीचा.

दुसरी बदलत्या काळाची. टाइमलाइन एकच, पण ती पुसून पुन्हा लिहिता येते. एप्रिल १९६७ मध्ये दाखवला गेलेला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा याचा नमुना. अंतराळयानाचा डॉक्टर मकॉय १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन एडिथ कीलर या बाईला अपघातातून वाचवतो. ती शांततेची चळवळ उभी करते, त्यामुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते, जर्मनी जिंकतो आणि पुढचं सगळं भविष्यच नाहीसं होतं. ते परत आणायचं तर एडिथला मरू द्यायला हवं, आणि यानाचा कॅप्टन कर्क तर तिच्या प्रेमात पडलाय. मकॉय तिला वाचवायला धावतो तेव्हा त्याला घट्ट धरून ठेवणारा कर्कच असतो.

तिसरी फाट्यांची. मागे जाऊन काही बदललंत की नवा फाटा फुटतो, जुना आपल्या जागी तसाच राहतो. इथे आपल्या आजोबांना मारलंत तरी तुम्ही नाहीसे होत नाही, कारण ते आजोबा दुसऱ्या फाट्यावरचे. त्यामुळे ग्रँडफादर पॅरॅडॉक्सची (आजोबांनाच मारलं तर आपण जन्मलो कसे, या पेचाची) धार जाते, पण दुसराच प्रश्न टोचायला लागतो: ज्यांना सोडून आलात ते लोक त्या दुःखातच राहिले की. फाट्यांच्या मालिकेत कुणी "मी सगळं ठीक केलं" म्हणालं की मी नेहमी विचारतो, कुणासाठी?

जात ओळखायची कशी? पात्राने काही बदलायचा प्रयत्न केल्यावर काय होतं ते बघा. प्रयत्नच कारण ठरला तर अढळ. जग बदललं आणि जुनं कुठेच उरलं नाही तर बदलता. जुनं आणि नवं दोन्ही आहेत आणि ये-जा शक्य आहे तर फाटे.

लांबलेल्या मालिकांत जाती मिसळतात, हे मात्र मनाशी पक्कं ठेवा. 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि तेव्हापासून किती लेखकांच्या हातातून गेली आहे. १९६४ च्या 'द अॅझ्टेक्स' कथेत डॉक्टर सहप्रवासी बार्बराला बजावतो की इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही, आणि नरबळी थांबवायचा तिचा प्रयत्न फसतोच. २००५ च्या 'फादर्स डे'मध्ये डॉक्टरची सोबती रोझ आपल्या मरणाऱ्या वडिलांना वाचवते. म्हणजे इतिहास बदलतो, पण काळाला जखम होते आणि त्या जखमेतून माणसं गिळणारे प्राणी आत येतात. २००८ च्या 'द फायर्स ऑफ पॉम्पे'पासून फिक्स्ड पॉइंटचा नियम ठळक होतो: काही घटना हलवता येतात, काही हलवायच्या नाहीत. त्यामुळे "डॉक्टर हूचा नियम काय?" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या काळातला, कोणत्या भागातला, हे जोडूनच विचारा.

तिसरी पायरी: कुणाला काय आठवतं ते लिहा

माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. काळ बदलला की नाही याचा पुरावा इमारतींत शोधू नका, माणसांच्या आठवणीत शोधा. बदलानंतर जुनी गोष्ट कुणाला आठवते? सगळ्यांना, फक्त प्रवाशाला, की कुणालाच नाही?

'स्टाइन्स;गेट' या २०११ च्या जपानी अॅनिमे मालिकेत भूतकाळात फक्त एक संदेश पाठवला जातो आणि आख्खं जग सरकतं. आदल्या जगाची आठवण उरते ती नायक ओकाबेला एकट्याला. त्या क्षमतेला त्याने नावही दिलंय. मालिकेतलं निम्मं दुःख त्या एका नियमातून येतं: मित्रांबरोबर जे घडलं ते फक्त त्यालाच माहीत, ज्यांच्याबरोबर घडलं त्यांना नाही.

उलट काही मालिका हा प्रश्न सोयीने ओलांडतात. 'स्टार ट्रेक'च्या त्या भागात भविष्य पुसलं जातं, यान नाहीसं होतं, पण कर्क आणि त्याचे सोबती तसेच राहतात, कारण ते त्या क्षणी कालद्वारापाशी उभे होते. हे पटतं की नाही हा वेगळा वाद. पण नियम दिलाय, आणि तो वहीत लिहिता येतो.

हा प्रश्न किती खोल जातो याचं माझं आवडतं उदाहरण 'लॉस्ट'मध्येच आहे. विमान कोसळून बेटावर आलेल्यांपैकी काही जण पाचव्या सीझनमध्ये १९७७ मध्ये अडकलेत. त्यांच्यातला सईद लहानग्या बेनवर गोळी झाडतो, जो मोठेपणी त्यांचा शत्रू होणार आहे. १ एप्रिल २००९ च्या भागात हर्ली आपला हात डोळ्यांसमोर धरून बसलाय, तो विरून तर जात नाही ना हे बघत. माइल्स त्याला समजावतो की असं काही होणार नाही, जे घडतंय ते आधीपासून घडलेलंच आहे. हर्ली हटत नाही, विचारत राहतो, आणि शेवटी एक प्रश्न टाकतो: मोठेपणी बेन आपल्या ताब्यात आला, सईदने त्याचे हाल केले, तेव्हा त्याला कसं नाही आठवलं की लहानपणी याच माणसाने आपल्याला गोळी घातली होती? माइल्स गप्प. हा विचार त्याने केलेलाच नसतो.

आणि त्याच भागाच्या शेवटी उत्तर येतं. जखमी बेनला बरं करायला बेटावरचा रिचर्ड घेऊन जातो, तेव्हा तो सांगतो की या पोराला यातलं काही आठवणार नाही. हर्लीचा प्रश्न चुकीचा नव्हता, माइल्सचा नियमही चुकीचा नव्हता, मधला एक दुवा अजून दिसायचा होता. चाहत्यांनी वाद कसा घालावा हे त्या दोघांकडून शिकावं. प्रश्न नेमका, रोख आठवणीवर, आणि उत्तर नसेल तर गप्प बसायची तयारी.

चौथी पायरी: मर्यादा शोधा

"मग पुन्हा मागे जाऊन दुरुस्त का करत नाहीत?" नवा चाहता हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. चांगल्या मालिकेने त्याचं उत्तर एखाद्या मर्यादेत दिलेलं असतं.

'क्वांटम लीप'मध्ये (१९८९ ते १९९३) सॅम बेकेट फक्त स्वतःच्या आयुष्याच्या काळातच उड्या मारू शकतो. 'ट्रॅव्हलर्स'मध्ये (२०१६ ते २०१८) भविष्यातून येणाऱ्याला आधीच्या माणसाच्या येण्यापूर्वीचा क्षण गाठता येत नाही, म्हणजे एकदा चुकलं की चुकलं. 'डार्क'मध्ये वाट ३३ वर्षांच्या टप्प्यांनी उघडते: पहिल्या सीझनमध्ये २०१९, १९८६ आणि १९५३.

प्रत्येक मालिकेसाठी चार ओळी लिहून ठेवा: किती मागे जाता येतं, कितीदा, कोण जाऊ शकतं, आणि जाण्याची किंमत काय. 'फादर्स डे'मध्ये किंमत अगदी ठोस आहे. मोठी रोझ तान्ह्या रोझला हात लावते आणि त्या एका स्पर्शाने बाहेरचा प्राणी चर्चच्या आत येतो. चौथी ओळ रिकामी राहिली, तर पुढे कधीतरी लेखक स्वतःच अडचणीत येणार हे बहुतेक ठरलेलं.

पाचवी पायरी: बोललेलं आणि घडलेलं वेगळं ठेवा

पात्र नियम सांगतं म्हणून तो नियम होत नाही. पात्राला जितकं माहीत तितकंच ते सांगणार. ते चुकीचं असू शकतं, खोटं बोलू शकतं, स्वतःचीच समजूत घालत असू शकतं.

'लॉस्ट'मधला डॅनियल फॅरडे घ्या. पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे आपण त्याचा शब्द प्रमाण मानतो. सीझनच्या सुरुवातीला तो ठामपणे सांगतो की भूतकाळ बदलता येत नाही. एप्रिल २००९ च्या 'द व्हेरिएबल' या भागात तोच माणूस मत बदलतो: मी समीकरणातल्या स्थिरांकांकडे बघत राहिलो, बदलणाऱ्या राशी म्हणजे माणसं, माणसं निर्णय घेतात, म्हणून बदल शक्य आहे. आणि त्याच भागात १९७७ मध्ये त्याला गोळी लागते. झाडणारी त्याची स्वतःची आई, एलॉइज. तो अजून जन्मालाही आलेला नाही, त्यामुळे हा कोण हे तिला माहीत नाही. पण मोठेपणी त्याला बेटावर जायला भाग पाडणारी हीच बाई आहे, आणि तेव्हा तिला माहीत असतं.

इथे पडद्यावर जे घडलं ते फॅरडेच्या नव्या मताविरुद्ध जातं. "फॅरडे म्हणाला ना की बदल शक्य आहे" हा पुरावा तिथेच लंगडा पडतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नियमापुढे एक खूण असते: 'ब' म्हणजे कुणीतरी बोललं, 'घ' म्हणजे घडताना दिसलं. वादात 'घ' आधी काढायचा. 'ब' वापरायचाच असेल तर कोण बोललं, कुणाला बोललं आणि खोटं बोलायचं काही कारण होतं का, हेही सांगायचं.

विज्ञान किती आणायचं

आणा, जरूर आणा, पण जागेवर ठेवा. कालप्रवास पुढच्या दिशेने होतो हे सिद्ध झालेलं आहे. १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा अब्जांश सेकंदांचा फरक मोजला. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि त्याची दुरुस्ती करावी लागते. भागवतात राजा ककुद्मी मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे गाणं संपेपर्यंत थांबतो आणि इकडे पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटून जातात. तो प्रवास याच दिशेचा. अशा कथेत पॅरॅडॉक्स होत नाही, कारण मागे कुणी आलेलंच नाही.

पेच आहे तो मागे जाण्यात. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं की आइन्स्टाइनच्या समीकरणांना असंही एक उत्तर आहे ज्यात विश्व फिरतंय आणि वाट वळून स्वतःच्याच भूतकाळात येते. आपलं विश्व तसं आहे असा याचा अर्थ नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये उलटा अंदाज मांडला, की निसर्ग अशी वाट बनूच देत नसावा. त्यांनी २८ जून २००९ ला कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी झाल्यावर जाहीर केली. कुणी आलं नाही.

चाहत्यांच्या खऱ्या कामाचं आहे ते बिलियर्डच्या चेंडूचं उदाहरण. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी पेच टाकला: चेंडू एका वर्महोलमध्ये (अवकाश-काळातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्यात) शिरतो, थोड्या आधीच्या क्षणी बाहेर पडतो आणि स्वतःलाच असा ठोकतो की तो आत शिरतच नाही. मग बाहेर आला कोण? किप थॉर्न यांच्या दोन विद्यार्थ्यांनी गणित करून बघितलं तेव्हा पेच नसलेली उत्तरंही निघाली. बाहेर पडणारा चेंडू आधीच्या चेंडूला निसटता धक्का देतो. त्या धक्क्याने तो थोडा तिरका होऊन आत शिरतो, आणि तिरका शिरल्यामुळेच बाहेर पडताना नेमका निसटता धक्का देतो. सगळं एकमेकांत बसतं. इगोर नोविकोव्ह यांचं नाव ज्या सुसंगतीच्या तत्त्वाला मिळालं ते हेच. अढळ काळाच्या मालिकेत नायक अपघात टाळायला धावतो आणि त्याच्याच धावण्याने अपघात होतो, तेव्हा मला दर वेळी तो तिरका चेंडू दिसतो.

एवढं माहीत असलं की पुरे. मालिकेने अढळ काळ निवडलाय आणि तुम्ही मात्र भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७ च्या अनेक-विश्वांच्या कल्पनेवरून तिला चूक ठरवताय, असं करू नका. विज्ञानाने मालिकेचा नियम समजायला मदत होते. मालिकेने न निवडलेला नियम तिच्यावर लादायला ते वापरायचं नाही.

बोलताना

दावा मांडायचा तर एका वाक्यात मांडा आणि त्याला भाग जोडा. "लॉस्टमध्ये सगळा गोंधळ आहे" याला उत्तर देता येत नाही. "पाचव्या सीझनमध्ये भूतकाळ बदललेला नाही, फॅरडेचा मृत्यू बघा" याला देता येतं. आणि आपलं म्हणणं कशाने खोटं ठरेल तेही सांगून टाका. असं बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

प्लॉट होल हा शब्द जपून वापरा. उत्तर अजून आलेलं नाही ते एक, उत्तर आलंय पण तुम्हाला आवडलं नाही ते दुसरं, आणि मालिकेने आपणच सांगितलेला नियम कारण न देता मोडला ते तिसरं. होल म्हणायचं ते फक्त तिसऱ्याला. नियम मुद्दाम मोडला असेल तर त्याची किंमत दाखवलीय का ते बघा. नोव्हेंबर २००९ च्या 'द वॉटर्स ऑफ मार्स'मध्ये डॉक्टर फिक्स्ड पॉइंट जाणूनबुजून मोडतो. २०५९ मध्ये मंगळावर मरायच्या ठरलेल्या अॅडलेड ब्रूकला तो पृथ्वीवर सुखरूप आणून सोडतो आणि काळ आता माझ्या हातात आहे अशा थाटात उभा राहतो. ती घरात जाते आणि स्वतःला संपवते. इतिहास जवळजवळ होता तसाच राहतो, आणि डॉक्टरचा चेहरा पडतो. याला होल म्हणणाऱ्याशी मी कितीही वेळ वाद घालायला तयार आहे. तिथे नियम मोडणं हीच कथा आहे.

स्पॉयलरची शिस्त पाळा. समोरच्याने कुठपर्यंत बघितलंय हे तोंड उघडण्याआधी विचारा. 'डार्क'चे तीन सीझन मिळून २६ भाग आहेत. त्यातला शेवटचा सीझन २७ जून २०२० ला आला, कथेतल्या प्रलयाच्याच तारखेला. पहिल्या सीझनवर असलेल्या माणसाला तुम्ही फक्त "तो कोण आहे ते कळेलच" एवढं म्हणालात तरी त्याचं नुकसान झालेलं असतं.

स्वतःची थिअरी असावी. पण ती थिअरी आहे, कॅनन (मालिकेची अधिकृत कथा) नाही, हे दर वेळी सांगा. नव्या भागाने ती पाडली तर वहीत तारीख घालून एक रेघ मारा आणि पुढे चला. माझ्या वहीत अशा रेघा भरपूर आहेत. त्या पानांवर परत गेलो की तेव्हा कोणता पुरावा माझ्याकडून सुटला होता ते कळतं.

सुरुवातीचा सराव

'फादर्स डे' दोनदा बघा. सुरुवातीला रोझची आई जॅकी लहानग्या रोझला सांगते की बाबांना गाडीने उडवलं, ड्रायव्हर पळून गेला, कोण होता ते कळलंच नाही. शेवटी तीच जॅकी त्याच मुलीला तीच गोष्ट सांगते, पण आता ड्रायव्हर थांबलेला आहे, आणि एक अनोळखी मुलगी बाबांचा हात धरून शेवटपर्यंत बसलेली आहे. वडील दोन्ही वेळा गेलेत. बदललंय ते एवढंच, की या वेळी ते एकटे गेले नाहीत.

त्यानंतर त्याच सीझनचा शेवटचा भाग, 'द पार्टिंग ऑफ द वेज', लावा. रोझ आईला सांगते की मी बाबांना भेटले, ती मुलगी मीच होते. जॅकीला ती हात धरणारी मुलगी आठवते. म्हणजे जॅकीकडे नवीन आठवण आहे, हे 'घ' म्हणून लिहून टाका. पण रोझचं काय? तिच्या बालपणात तिने कोणती गोष्ट ऐकली होती, ड्रायव्हर पळाल्याची की थांबल्याची? तिला दोन्ही आठवतात असं माझं मत आहे, आणि माझा आधार हा की वडिलांना एकटं मरू द्यायचं नाही म्हणून ती गेली होती, तर ते एकटे मेल्याची गोष्ट तिच्या डोक्यात असणारच. याविरुद्ध जाणारं एखादं वाक्य त्या दोन भागांत आहे का, ते वही घेऊन शोधा.